यजमान नसलेले बेट

सणासुदीच्या दिवसांत कुणाशी भांडू नये, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु फराळाचे ताट शेजारी ठेवून दिवाळी अंक चाळणारा वाचक जेवढा सहनशील असतो तेवढा वर्षभरात दुसऱ्या कोणत्याही दिवशी नसतो. तेव्हा भांडणच करायचे तर ते इथे करावे, असे मला वाटते. माझे भांडण एका सुखाशी आहे. ते सुख महाग आहे, देखणे आहे, आणि अलीकडे आपल्या मराठी घरांत फार लाडके होऊ लागले आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आईवडिलांना बोलावून घेतात, फ्लोरिडातून सुटणाऱ्या एखाद्या अवाढव्य जहाजावर चार-सात दिवस फिरवून आणतात, आणि त्या सफरीतला सर्वांत रम्य दिवस म्हणून ज्याची आधीपासून वर्णने चालतात तो असतो 'प्रायव्हेट आयलंड'चा, म्हणजे जहाज कंपनीच्या खाजगी बेटावरचा, दिवस. परत आलेले आजीआजोबा मग फोटो दाखवतात. निळेशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, ओळीने मांडलेल्या खुर्च्या. सगळे खरे असते. माझे म्हणणे इतकेच की, त्या फोटोत एक माणूस कमी आहे, आणि तो कमी आहे म्हणूनच फोटो इतका स्वच्छ येतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पर्यटक जहाज रात्रभर चालते आणि सकाळी एखाद्या बंदराला लागते. उतारू दिवसभर गावात हिंडतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. ही जुनी रीत. आता बऱ्याच सफरींत त्या बंदरांपैकी एक, कधी कधी एकुलते एक, ठिकाण असे असते की जिथे गाव नाही. बेट कंपनीने विकत घेतलेले असते किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतलेले असते. त्यावरची वाळू, खुर्च्या, जेवणाचे मंडप, दुकाने, पाण्यातल्या घसरगुंड्या, सगळे तिचेच किंवा तिच्या परवानगीने चाललेले. जहाजावर खोलीचे दार उघडायला जे कार्ड दिलेले असते तेच बेटावर चालते. थोडक्यात, जहाजातून उतरूनही माणूस जहाजाबाहेर पडत नाही.

मी ही सफर केली आहे. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण माझी तक्रार एकट्या तिच्यावर नाही. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. आम्ही सहा माणसे, त्यांत दोन नातवंडे. सफरीच्या तीन महिने आधीपासून त्याने आणि सूनबाईने मिळून बेटाच्या त्या एका दिवसाचा तक्ता तयार केला होता. सातला न्याहारी. सव्वाआठला खालच्या मजल्यावर रांगेत. पहिल्या अर्ध्या तासात झाडाखालच्या खुर्च्या अडवायच्या, कारण साडेनऊनंतर सावली संपते. दहाला मुलांना पाण्याच्या घसरगुंड्यांवर न्यायचे. त्याचे तिकीट निराळे, आणि ते आधी घेतले तर स्वस्त. बाराच्या आधी जेवणाच्या रांगेत उभे राहायचे, नाही तर तासभर मोडतो. जहाज पाचला सुटणार, म्हणजे साडेचारला शेवटचा माणूस वर हवा, म्हणजे आपण पावणेचारला निघायचे. एवढे करूनही वाळूवर निवांत बसण्यासाठी सगळा मिळून तास-दीड तास उरत होता. आणि या सर्वांवर तोडगा म्हणून 'कबाना' होती. कबाना म्हणजे कापडी पडद्यांची, चार खांबांची एक देखणी खोपटी. तिचे दिवसाचे भाडे शेकड्यांनी डॉलर. गर्दीच्या हंगामात नामांकित बेटांवर ते हजारापलीकडेही जाते. मोबाइलवर तो दर रोज थोडा थोडा वरखाली होत होता आणि चिरंजीव शेअर बाजार पाहावा तसा तो पाहत होते.

"बाबा, सावली आत्ताच घेऊन ठेवायला हवी. तिथे गेल्यावर मिळत नाही," असे तो मला गंभीरपणे म्हणाला.

"अरे, सावलीचंसुद्धा बुकिंग?" एवढेच आमची सौ. म्हणाली.

तिच्या या एका वाक्यात माझ्या लेखाचा अर्धा मुद्दा आला आहे. समुद्रकिनारा ही माणसाला बिनपैशाने मिळणाऱ्या, आणि मुख्य म्हणजे बिनबेताने मिळणाऱ्या, फार थोड्या गोष्टींपैकी एक आहे. गिरगावच्या चौपाटीवर जायला कुणी तक्ता करीत नाही. ज्या किनाऱ्यावर जाण्यासाठी तीन महिने आधी तयारी करावी लागते तिथे वाळू आणि पाणी असले तरी तो बाजार असतो; आणि बाजारात गेलेला माणूस विश्रांती घेत नाही, खरेदी करतो. सहा तासांत काय काय पदरात पाडून घेता येईल याचा हिशेब तो करीत राहतो. त्यात मुलांचा दोष नाही. वर्षाला दोन आठवड्यांची रजा मिळणाऱ्या माणसाला एकही तास वाया जाऊ नये असे वाटणारच. पण त्याच्या या धास्तीवरच सगळा व्यापार उभा आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवे.

हा व्यापार सुरू झाला १९७७ साली. नॉर्वेजियन कंपनीने बहामा बेटांच्या बेरी द्वीपसमूहातले ग्रेट स्टिरप के हे बेट विकत घेतले, आणि कंपनीच्या मालकीच्या बेटावर उतारू नेण्याचा पायंडा पडला. शेजारच्याच लिटल स्टिरप के बेटावर रॉयल कॅरिबियन कंपनी आली. तिने १९८६ पासून हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचे लाबादी हे भूशिरही भाड्याने घेतले. १९९६ च्या अखेरीस हॉलंड अमेरिका कंपनीने लिटल सान साल्वादोर हे अख्खे बेट साठ लाख डॉलरांना खरेदी केले. डिस्नी कंपनीने १९९७ साली गोर्डा के बेट नव्याण्णव वर्षांच्या करारावर घेतले आणि १९९८ पासून तिची जहाजे तिथे लागू लागली. मग आकडे फुगत गेले. लिटल स्टिरप के बेटावर सुमारे पंचवीस कोटी डॉलर खर्चून २०१९ साली प्रचंड जलक्रीडानगरी उघडली. तिथली एक घसरगुंडी १३५ फूट उंचीवरून सुटते. कार्निव्हल कंपनीने ग्रँड बहामा बेटावर सुमारे साठ कोटी डॉलरांचा किनारा उभारला, तो जुलै २०२५ मध्ये सुरू झाला. ज्या जहाजातून लोक अशा ठिकाणी येतात त्यांपैकी २०२४ साली निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या एका जहाजात भरगच्च वेळी सुमारे ७,६०० उतारू मावतात. एवढी माणसे एका सकाळी एका बेटावर उतरली की सावली का संपते हे निराळे सांगायला नको.

कंपन्यांना हे का परवडते तेही उघड आहे. उतारू नासाउसारख्या गावात उतरला की त्याचे पैसे फुटतात: काही टॅक्सीवाल्याला, काही टोपल्या विणणारीला, काही खानावळीला, काही नुसते हरवतात. कंपनीच्या बेटावर उतरला की ते पैसे फुटत नाहीत. त्यातच अमेरिकेत १८८६ चा एक जुना कायदा आहे. परदेशी झेंडा लावलेल्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून उतारू घेऊन, मध्ये परदेशी किनाऱ्याला न लागता, अमेरिकेच्याच बंदरांतून फिरवता येत नाही. फ्लोरिडाला सर्वांत जवळचा परदेश म्हणजे बहामा. तिथल्या आपल्याच बेटावर जहाज थांबवले की कायदा पाळला गेला, परदेश झाला, आणि परदेशी माणसाची गाठ घेण्याचा त्रासही वाचला. किती सोयीचा परदेश हा! कागदोपत्री त्याचे नाव असते, डोळ्यांसमोर मात्र तो कधी येत नाही.

गंमत अशी की, या जहाजांपैकी पुष्कळांची नोंदणी बहामा देशातच असते. धक्क्यावर उभे राहून जहाजाच्या पाठीमागे पाहा; मोठ्या अक्षरांत 'नासाउ' लिहिलेले दिसेल. नासाउ ही त्या देशाची राजधानी. म्हणजे तिचे नाव पाठीवर गोंदवून घ्यायचे, तिचा झेंडा लावायचा, तिच्या कायद्याची सवलत घ्यायची, आणि उतारूंना नेऊन उतरवायचे ते मात्र जिथे तिचा एकही नागरिक राहत नाही अशा जागी. आपल्याकडे सासऱ्याचे घर नावावर करून घेऊन सासऱ्यालाच दारात न घेणाऱ्या जावयाच्या गोष्टी ऐकायला मिळतात. हा त्यातलाच प्रकार.

बरे, ती बेटे निदान आपल्या नावाने तरी नांदतात का? तेही नाही. लिटल स्टिरप के हे नाव कुणा उतारूला सांगून पाहा, तो गोंधळेल. त्याला 'कोकोके' ठाऊक असते. गोर्डा केचे 'कॅस्टअवे के' झाले, लिटल सान साल्वादोरचे 'हाफ मून के' झाले. लाबादीची तर इंग्रजी जिभेला सोपी जावी म्हणून अक्षरेच बदलली, आणि पूर्वीच्या जाहिरातींत ते हैतीत आहे हे न सांगता 'हिस्पानियोला' असे भूगोलाच्या पुस्तकातले नाव देत. हैती म्हटले की गिऱ्हाईक बिचकते, म्हणून देशाचे नाव पुसायचे! नाव बदलण्याची ही खोड त्या समुद्रात जुनी आहे. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबस ज्या बेटावर उतरला त्याला तिथले लुकायन लोक ग्वानाहानी म्हणत. त्याने त्याच दमात त्याचे सान साल्वादोर करून टाकले.

इथे कंपन्यांचे वकील म्हणतात, "पण ही बेटे ओसाड होती. आम्ही कुणाला उठवले?" याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, बहामातली बेटे ओसाड कशी पडली हे विसरून चालत नाही. कोलंबसानंतर अवघ्या तीसेक वर्षांत स्पॅनिश लोकांनी लुकायन माणसे पकडून खाणींत आणि मोती काढण्याच्या कामावर नेली, आणि हा सगळा द्वीपसमूह माणसांवाचून रिकामा झाला. आज तिथे राहणारे बहुतेक लोक गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज आहेत. १८३४ साली ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली, १९७३ साली देश स्वतंत्र झाला. म्हणजे आपल्या भूमीवर आपण यजमान म्हणून उभे राहण्याचा मान या लोकांना मिळून फार दिवस झालेले नाहीत. सुमारे सातशे बेटांपैकी जेमतेम तीसेक बेटांवर वस्ती असलेला हा चिमुकला देश आहे.

दुसरे उत्तर असे की, आता गोष्ट ओसाड बेटांवर थांबलेली नाही. एल्युथेरा हे माणसांनी नांदते बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला लाइटहाउस पॉइंट म्हणून एक किनारा आहे. जमीन कागदोपत्री खाजगी असली तरी गावचे लोक तिथे पोहायला, मासे धरायला जात. तिथेही २०२४ च्या जूनपासून डिस्नीची जहाजे लागू लागली. तिथल्या लोकांना येण्याची मुभा ठेवली आहे, असे कंपनी सांगते. ठेवली असेल. पण काल जिथे आपण नुसते जात होतो तिथे आज मुभेने जायचे, यातला फरक ज्याला कळत नाही त्याने गावातली पिढीजात पायवाट बंद झालेल्या शेतकऱ्याला विचारावे. बहामातला माणूस मोठ्या अभिमानाने सांगतो की, भरतीच्या रेषेखालची ओली वाळू सगळ्यांची. पण ओल्या वाळूपर्यंत पोहोचायला कोरडी जमीन ओलांडावी लागते, आणि कोरडी जमीन विकली गेलेली असते.

या साऱ्याचा कडेलोट जगाने २०१० साली पाहिला. १२ जानेवारीला हैतीत भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स शहर जमीनदोस्त झाले, लाखांच्या घरात माणसे मेली. तिथून शंभर मैलांच्या आतच लाबादीचे ते कुंपण घातलेले भूशिर. १५ तारखेला तिथे पर्यटक जहाज लागले. जहाजातून मदतीचे सामान आणले होते, आणि जहाज न आले तर तिथल्या लोकांची मजुरी बुडाली असती, हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. कित्येक उतारू उतरले, काहींच्याने उतरवेना. मी उतरणाऱ्यांना पापी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की, शेजारच्या घरी प्रेते पडली असताना माणूस समुद्रात डुंबतो तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. ते आपल्या शेजारचे घर आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते म्हणून. पूर्वी जाहिरातींनी हैती हा शब्द झाकून ठेवला, त्याचे ते फळ होते. पुढे २०२४ पासून हैतीतल्या अशांततेमुळे तिथल्या फेऱ्या वरचेवर थांबवाव्या लागल्या. कुंपण कितीही उंच घातले तरी देश शेवटी कुंपणावरून आत आलाच.

आता फोटोत जो माणूस कमी आहे म्हणून मी म्हणालो, तो कोण ते सांगतो. तो यजमान. आमच्या लहानपणी मुंबईहून कोकणात बोटीने जात. बोट बंदरापासून दूर नांगर टाकी, आणि पडावातून, हेलकावे खात, भिजत, माणसे किनाऱ्याला लागत. त्यात सुख काही नव्हते, मळमळत असे. पण वाळूवर पाय टेकण्याच्या आत कुणीतरी अनोळखी म्हातारा विचारी, "खंयचो रे तू? कोणाचो?" त्या प्रश्नाने आपण कुठेतरी आलो आहोत हे समजे. पाहुण्याला ओळख विचारणारा, त्याला पाणी देणारा, त्याच्याकडे संशयाने बघणारासुद्धा, कुणीतरी किनाऱ्यावर उभा असला तरच तो किनारा गाव होतो आणि आपण पाहुणे होतो. कंपनीच्या बेटावर कुणी मला 'कुठला' म्हणून विचारले नाही. कार्ड तेवढे विचारले. टॉवेल देणाऱ्या एका बहामी गृहस्थाला मी सहज विचारले, "तुमचे घर याच बेटावर का?" तो हसून म्हणाला, "इथे कुणाचेच घर नाही. माझे दुसऱ्या बेटावर आहे. पाळी संपली की जातो." इतक्या दुरून गेलो, आणि त्या देशातला जो एक माणूस भेटला तोही तिथे माझ्यासारखाच दिवसापुरता आलेला होता.

जो बेटाचा यजमान नाही, पण यजमानाचे काम ज्याच्या गळ्यात पडते, तो जहाजावरचा नोकरवर्ग. त्यांत आपली माणसे किती आहेत! गोव्याचे तारवटी तर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर. त्यांच्या जोडीला सिंधुदुर्गातली, मुंबईतली मुले. आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. बेटाच्या दिवशी तुम्हालाही थोडी मोकळीक मिळत असेल, असे मी म्हणालो. तो म्हणाला, "काका, तुमच्यासाठी बेट, आमच्यासाठी दोनदा मांडामांड." पहाटे उठून मांस, भाज्या, बर्फ, ताटल्या हे सारे खाली उतरवायचे, उन्हात वाढायचे, चारला आवरून पुन्हा वर चढवायचे, आणि सहाला कडक इस्त्रीचे कपडे घालून रात्रीच्या जेवणाला उभे राहायचे. ज्या तक्त्यात आमच्या सावलीचा विचार होता त्यात या मुलाच्या सावलीला रकाना नव्हता.

माझ्यावर जे आक्षेप येतील ते मी ऐकले आहेत. घरीच ऐकले आहेत. सूनबाई म्हणाली, "बाबा, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन अनोळखी गावात हिंडायचं म्हणजे केवढी काळजी! इथे पाणी उथळ, जीवरक्षक हजर, शौचालय स्वच्छ." तिचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला वाळूवरून नेण्यासाठी रुंद चाकांची खुर्ची तिथे मिळते, आणि ज्या आजीने दहा वर्षांत समुद्राला पाय लावला नसेल तिला तो तिथे लावता येतो, हे मी डोळ्यांनी पाहिले. अशा माणसाने जरूर जावे. परंतु जहाजातली हजारो माणसे काही चाकांच्या खुर्चीतली नसतात. धडधाकट माणसाने केवळ काळजी नको म्हणून माणसांना टाळायचे ठरवले, तर त्याने घर तरी कशाला सोडावे?

दुसरा आक्षेप, की तिथे रोजगार मिळतो. मिळतो. ओशन के नावाचे बेट तर आधी वाळू उपसण्याची ओंगळ जागा होती; एमएससी कंपनीने ते साफ करून, झाडे लावून २०१९ साली उघडले. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण रोजगार आणि धंदा यांत फरक आहे. नासाउच्या बाजारात टोपली विकणारी बाई आपल्या दुकानाची मालकीण असते. भाव ती ठरवते, गिऱ्हाइकाशी हुज्जत ती घालते. कंपनीच्या बेटावर तीच बाई कंपनीने नेमून दिलेल्या जागेवर, कंपनी जहाज आणील त्या दिवशी, कंपनी ठरवील तेवढे तास बसते. मीठ पिकवणारा आणि मिठागरावर मजुरी करणारा यांतला फरक कोकणच्या माणसाला समजावून सांगायला नको.

तिसरा आक्षेप नेहमीचा: नासाउत टॅक्सीवाले गराडा घालतात, फेरीवाले पाठ सोडत नाहीत, चोऱ्यामाऱ्यांचीही भीती सांगतात. अहो, आपल्या कोणत्या देवस्थानी हे होत नाही? म्हणून आपण घराघरात खाजगी पंढरपूर बांधून घेतले का? ताजमहाल पाहायला गेलेल्या माणसाला आग्र्यातले दलाल छळतात. तेवढ्यावरून कुणी हिंदुस्थान वगळून हिंदुस्थानची सफर काढली, तर आपल्याला किती संताप येईल! मग दुसऱ्याच्या देशाशी आपण तसे का वागावे? आपण तर स्वतः ज्यांना टाळून पुढे जात अशांपैकी. दीडशे वर्षे गोऱ्या साहेबांचे क्लब बाहेरून पाहिलेले. कुंपणाच्या आत बसायला मिळाले एवढ्याने आपण हुरळून जावे, हे मला बरे वाटत नाही.

नुसती टीका करून मोकळे होणे हा भांडखोराचा धर्म झाला. घरातल्या वडीलधाऱ्याने पुढचेही सांगायला हवे. पुढची सफर ठरवताना मुलांनी तक्ता जरूर करावा, पण त्याचा पहिला रकाना असा असावा: या जहाजाच्या वाटेवर माणसे राहतात अशी बंदरे किती? सगळीच ठिकाणे कंपनीची असतील तर दुसरी सफर पाहावी; पैसे तेवढेच पडतात. नासाउ असेल तर त्या दिवशी जहाजावर झोपून राहू नये. धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर जंकानू बीच नावाची सार्वजनिक चौपाटी आहे. तिथे यायला तिकीट नाही. पायांत बळ असेल तर राणीचा जिना पाहावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस गुलामांनी चुनखडीचा डोंगर हातांनी कापून काढलेल्या त्या ६६ पायऱ्या आहेत. नातवंडांना त्या मोजायला लावाव्यात. मोजता मोजता ती विचारतील की हे कुणी केले, आणि मग जे सांगावे लागेल ते कोणत्याही घसरगुंडीपेक्षा अधिक काळ त्यांच्या लक्षात राहील. पॉटर्स के या पुलाखालच्या बाजारात शंखातला मासा कापून लिंबू, कांदा, मिरची घालून समोर कोशिंबीर करून देतात; शाकाहारी मंडळींनी ती करणाराचा हात पाहावा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी किंवा नव्या वर्षाच्या पहाटे तिथे असण्याचा योग आला तर जंकानूची मिरवणूक चुकवू नये. बकऱ्याच्या कातड्याचे ढोल, गाईच्या गळ्यातल्या घंटा, रंगीत कागदांचे डोंगराएवढे पोशाख. आपल्या गणपतीच्या ढोलताशावर वाढलेल्या माणसाला ते परके वाटणार नाही. २०२३ साली युनेस्कोनेही त्या उत्सवाची नोंद घेतली.

आणि वाटेत कंपनीचे बेट आलेच, तर? तर उतरावे, रुसून बसू नये. पण कबाना घेऊ नये. एक छत्री आणि टोपी पुरते. ज्या बेटांवर धक्का नाही आणि पडावातून जावे लागते तिथे वारा उलटला की उतरणे रद्द होते, म्हणून आधीच पैसे भरून त्या एका दिवसावर साऱ्या आशा टांगू नयेत. त्या बेटाचे खरे नाव मुलांना सांगावे, नकाशात दाखवावे. स्थानिक बायकांचे चार गाळे कुठेतरी कोपऱ्यात असतात, ते शोधून जे घ्यायचे ते तिथे घ्यावे. टॉवेल देणाऱ्याला त्याचे गाव विचारावे. आणि संध्याकाळी वाढायला जो मुलगा उभा राहील त्याच्याशी दोन शब्द मराठीत बोलावेत, आणि बक्षिसी देताना त्याचे पहाटेपासूनचे दोनदा मांडणे ध्यानात ठेवावे.

हे सारे दूरच्या समुद्रातले, आपल्याला काय त्याचे, असेही कुणी म्हणेल. पण मुंबईच्या धक्क्यावरूनही गोव्याकडे, लक्षद्वीपकडे पर्यटक जहाजे निघू लागली. लक्षद्वीपची छत्तीस बेटे आहेत, आणि वस्ती फक्त दहांवर. उरलेली 'ओसाड' आहेत, हे वाक्य उद्या आपल्याही कानावर पडेल. ते वाक्य पूर्वी कुठे आणि कशासाठी बोलले गेले हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

दिवाळीत आपल्याकडे पाहुणा येतो तेव्हा दारात कुणीतरी उभे असते. फराळ साधा असला तरी चालतो. दार उघडायला कुणी नसले तर पंचपक्वान्नांचे ताटही आपण तिथे बसून खात नाही. येत्या हिवाळ्यात मुलगा फोन करून विचारील, "बाबा, बेटावरची कबाना आत्ताच घेऊन ठेवू का?" तेव्हा त्याला आधी एवढेच विचारा: अरे, तिथे आपल्याला 'या, बसा' म्हणणारे कोण आहे?